गाढवासाठी स्वतंत्र समिती

माझं डोकं तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या गल्लीत कुणाचं दूध उतू गेलं तरी बायका म्हणतात, "शिंपीणबाईसारखं झालं व हे." मी ब्लाऊज शिवते. नांदुऱ्याच्या बाजूचं गाव आहे आमचं. नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर उद्या सकाळी चारजण दुकानात येऊन विचारतील की आमच्याबद्दल काय लिहिलं.

माझ्या दुकानासमोरच पंचायतीचा कोंडवाडा आहे. मोकाट जनावरं पकडून त्यात कोंडतात, मालक येतो, दंड भरतो, घेऊन जातो. इतकी वर्षं तिथं वासरं आणि बोकडं यायची, मला काही त्रास नव्हता. त्या वर्षी मात्र गाढव आलं. समोर गाढव ओरडत असताना तुम्ही एकदा काज करून बघाच! शाळेतल्या एका बाईंच्या ब्लाऊजचा गळा मी पाठीऐवजी पुढून खोल कापला. त्या बाई अजूनही माझ्याकडे बघितलं की पदर सावरतात.

गाढव कुंभारबाबाचं होतं. बाबा एकटाच राहायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, पोरगा सुरतेला कामाला गेला तो तिकडलाच झाला. मडकी आता कोण घेतं? उन्हाळ्यात थोडे माठ आणि पोळ्याला मातीचे बैल, एवढंच बाबाचं काम उरलं होतं. गाढवाला तर तेवढंही नव्हतं. दोघं सकाळी नदीकडे जायचे आणि दुपारी परत यायचे. बाबा सगळ्या रस्त्यानं त्याच्याशी बोलायचा. भाव काय झाले, कोणाची पोरगी कुठे दिली, गुडघा कसा दुखतो. गाढव ऐकून घ्यायचं.

गुन्हा घडला पंधरा ऑगस्टला. आमच्या सरपंच बाई आहेत. खुर्चीवर त्या बसतात आणि बोलतात त्यांचे मालक. त्यांना सगळा गाव भाऊ म्हणतो. झेंडा झाला, भाऊ भाषणाला उभे राहिले, म्हणाले, "बंधू आणि भगिनींनो," आणि शाळेच्या कुंपणापलीकडून गाढवानं उत्तर दिलं. भाऊ थांबले. गाढव थांबलं. भाऊंनी पुन्हा सुरू केलं, त्यानंही पुन्हा सुरू केलं. त्याला वाटलं असेल, एवढ्या मोठ्यानं आपल्याशीच कोणीतरी बोलून राह्यलं. पोरं तर हसून हसून झेंड्याच्या चुन्यावर लोळली. शिवाय जाता जाता गाढवानं भाऊंच्या नव्या गाडीला अंग घासलं आणि आरसा तोडला. संध्याकाळी गाढव कोंडवाड्यात.

बाबा दंड भरायला गेला तर भाऊ म्हणाले, "दंड नाई घेत. हे जनावर गावाले धोक्याचं हाये. पोळ्याच्या दिवशी सकाळी मलकापूरकडल्या वीटभट्टीवाल्याची गाडी येते, त्याले देऊन टाकू."

"भट्टीवर थो टिकनार नाई, भाऊ," बाबा म्हणाला. "म्हातारा झाला थो. ओझ्याखालीच जाईन."

भाऊंनी ऐकलं नाही. मग बाबा कोंडवाड्याच्या फाटकाशी बसायला लागला. आपली भाकर मोडून अर्धी गजातून आत द्यायचा. मला राग गाढवाचा होता, पण हे रोज बघून तो कधी भाऊंवर सरकला ते कळलंच नाही.

ग्रामसभा भरली तेव्हा मी उठलेच. "काहो भाऊ," म्हटलं, "आरसा तुमचा फुटला, गाढव तुम्हीच पकडलं, निकालही तुम्हीच देणार? हा कुठल्या घरचा न्याय? जनावराचं बरंवाईट पाहायला पंचायतीच्या बाहेरची माणसं पाहिजेत. स्वतंत्र समिती करा!"

मी हे रागात बोलले होते. स्वतंत्र समिती म्हणजे काय, ते मला तरी कुठं ठाऊक होतं! पण मागून बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ग्रामसेवक साहेब चष्मा पुसत म्हणाले की ग्रामसभेनं ठरवलं तर करता येईल. भाऊ हसले. त्यांचं ते हसू मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं. म्हणाले, "करा की. पन खरीच स्वतंत्र पाह्यजे. पंचायतीतला कोनी नको, अन् ज्याच्या दाराशी जनावर हाये असाही नको. नाईतं थो आपल्याच बैलाची बाजू घेईन."

सगळे हो म्हणाले आणि मग गावात बिनजनावराचा माणूस शोधणं सुरू झालं. काय सांगू महाराजा! एकाकडे बैल नव्हते तर शेळी होती, दुसऱ्याकडे शेळी नव्हती तर कोंबड्या. एकजण म्हणाला, माझं कुत्रं माझं नाही, ते फक्त माझ्याकडे जेवतं. शेवटी तिघं उरलो. एक मी. दुसरे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका, जे गाय दिसली तरी रस्ता बदलतात. तिसरे वेल्डिंगवाले चाचा. चाचांच्या दुकानात मांजर झोपते म्हणून कोणी हरकत घेतली, तर ते म्हणाले, "मांजर कोनाची नसते बाप्पा. मीच तिचा हाये." ती हरकत फेटाळली गेली.

अशी आमची समिती झाली. प्राण्यांच्या कल्याणासाठी गावानं तीन माणसं निवडली आणि तिघांपैकी एकालाही जनावराला हात लावायची हिंमत नव्हती.

सुनावणी पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, कोंडवाड्यासमोरच्या लिंबाखाली ठेवली. अख्खा गाव जमला. आधी गाढवाची पाहणी करायची होती. कंडक्टर काकांनी फाटक एवढंसं उघडलं आणि सवयीनं ओरडले, "चला, पुढे सरका, पुढे जागा आहे." गाढव खरंच पुढे सरकलं, तसे काका मागच्या मागे माझ्या पायावर आले. चाचांनी वेल्डिंगचा काळा चष्मा लावून लांबूनच तपासलं आणि सांगितलं, "सामनेसे ठीक दिसते. मागून पाह्यची गरज नाई." मी पाहणी पूर्ण झाल्याचं जाहीर केलं.

मग मी बाबाला विचारलं, "बाबा, तुमचं म्हणणं काय?"

बाबा उभा राहिला. टोपी काढून हातात धरली. "मले समिती-गिमिती समजत नाई, बाई. थो गेला तं मी बोलू कोनाशी?"

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. मी निकाल सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊ म्हणाले, "थांबा. समितीच चुकीची हाये. या बाईच्या घरी दोन बैल हायेत."

"माझ्या घरी?" मी किंचाळले. "बैल? कुठं बांधले, शिलाई मशीनला?"

"मशीनवरच तं हायेत. आज सकाळीच आनले. मी सोता पाह्यले."

खरंच होते. मातीचे. ज्यांच्या दाराशी बैल नाहीत ते पोळ्याला मातीची जोडी आणतात, शिंगं रंगवतात, पूजा करतात, पुरणपोळी दाखवतात. मीही दर वर्षी आणते. कंडक्टर काकांनी आणले होते. चाचांच्या घरीसुद्धा नातीनं हट्ट करून एक नेला होता. आणि तिघांनी आणले होते कुंभारबाबाकडूनच.

"मातीचा बैल जनावर नाही!" मी म्हटलं.

"नाई?" भाऊ लोकांकडे वळले. "मंग उद्या पाया काऊन पडता? निवद काऊन दाखवता?"

आता बोला! उद्या पोळा आणि आज कोण म्हणणार की बैल म्हणजे नुसती माती? माझ्या बाजूच्या बायका लगेच गप्प. एक म्हातारे तर कानाला हात लावून म्हणाले, "असं बोलू नोको व माय." दुसरा म्हणाला, जो जेवतो तो जनावर. तिसरा म्हणाला, पण मातीचा कुठं जेवतो, पोळी तर तू खातो. यावर त्यांचं भांडणच जुंपलं. ग्रामसेवक साहेबांना विचारलं तर म्हणाले, नियमात मातीचा असा वेगळा उल्लेख नाही. मी एवढी भडकले की हातातली टेप फेकून दिली, आणि ती जाऊन पडली गाढवाच्या गळ्यात. चार वाजता आमची स्वतंत्र समिती बरखास्त झाली. देशात तिच्याइतकी पटकन मेलेली समिती दुसरी नसेल.

भाऊ उठले. "सकाळी गाडी येते," म्हणाले.

तेवढ्यात सरपंच बाई उठल्या. आतापर्यंत त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या, पण त्या कधीच बोलत नाहीत, म्हणून कोणाचं लक्षही गेलं नाही. त्या घरी गेल्या आणि वाटीत तूप-हळद घेऊन आल्या. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाचे खांदे तूप-हळदीनं चोळतात, त्याला आम्ही खांदशेकणी म्हणतो. खांदे चोळून झाले की बैलाला आवतन द्यायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं बोलावणं. बाई थेट कोंडवाड्यात शिरल्या. तिघांच्या समितीला जे जमलं नव्हतं ते त्यांनी एकटीनं केलं. गाढवाचे खांदे चोळले आणि त्याच्या लांब कानाशी वाकून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

भाऊंचा चेहरा हळदीसारखा झाला. "अवं, हे काय करून राह्यली तू?"

"झालं आवतन," बाई म्हणाल्या. "आता आपल्या घरचा पाव्हना हाये थो. पाव्हन्याले भट्टीवर धाडता?"

कोण धाडणार? आवतन दिलेलं जनावर उपाशी हाकललं तर घरादाराला काय भोगावं लागेल, याची आमच्याकडे पोरांनाही भीती. भाऊंनी तिथूनच फोन करून गाडी रद्द केली आणि गाढवाची दोरी बाबाच्या हातात दिली. आमच्या समितीपेक्षा दोन बोटं हळद जास्त स्वतंत्र निघाली, काय करता!

दुसऱ्या दिवशी भाऊंच्या दारात जी गर्दी झाली ती पोळ्याच्या तोरणाखालीही नव्हती. बैल विकून भाऊंनी ट्रॅक्टर घेतला होता, तर ट्रॅक्टरला झूल आणि शेजारी गाढव. भाऊंनी दात ओठ खात त्याचे पाय धुतले, कपाळाला कुंकू लावलं. "नमस्कार करा नं भाऊ," मी म्हटलं. सोडते की काय! केला त्यांनी. गाढवानं पुरणपोळी खाल्ली, मग कणकेचा दिवा खाल्ला आणि शेवटी ट्रॅक्टरचा हारही खाल्ला. आम्ही पोट धरून हसलो. भाऊसुद्धा हसले, अगदी शेवटी, मनाविरुद्ध.

बाबा दोरी धरून एका बाजूला उभा होता. सरपंच बाई म्हणाल्या, "बाबा, पान वाढलं. तुमीही बसा."

"नाई बाई. आवतन याले होतं," बाबा म्हणाला. "मले नव्हतं."

त्यात टोमणा नव्हता. तो रीत सांगत होता. पण आमचं हसणं तिथंच थांबलं. घरोघरी बाबाचे बैल होते, त्या प्रत्येक बैलाला दर वर्षी पुरणपोळीचं आवतन होतं, आणि बाबाला इतक्या वर्षांत कोणी एकदाही दिलं नव्हतं.

"मंग आता घ्या ना," बाई म्हणाल्या.

"आवतन आदल्या दिवशी असते, माय." असं म्हणून तो गाढव घेऊन निघाला.

मी चप्पल न घालता मागे धावले. कोपऱ्यावर गाठलं आणि धापा टाकत म्हटलं, "बाबा, आज आवतन घ्या. उद्या माझ्या घरी जेवाले या."

तो थांबला. "याले का मले?"

"दोघांनाही!" मी ओरडले. मला हळू बोलता येतच नाही.

दुसऱ्या दिवशी मी दारात कडब्याची पेंढी टाकून ठेवली, गाढवासाठी. बाबा आला तो आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, नवी टोपी घालून. एकटाच. मी विचारलं, "गाढव कुठं?"

"त्याचं काल झालं," बाबा म्हणाला आणि पाटावर बसला. "आज माहं आवतन हाये."