चोविसावा आरा

पतंगीचा निळा कागद घडी घालून कापायचा आणि उघडला की त्यातून चोवीस आऱ्यांचं चाक निघायचं, हे आमच्या गावात एकट्या माझ्या बायकोला, म्हातारीला, जमायचं. जयंतीला विहारात लागतील तेवढी चाकं तिच्या कात्रीतून निघत, आणि चार दिवसांत वाऱ्यानं फाटून नालीत जात. कोणी जपली नाहीत. मीही नाही. मागच्या वर्षी तिच्या उजव्या हाताला कापरं सुटलं. चहाचा कप बशीत वाजायला लागला, तिथं कात्री कुठून धरणार. गादीखाली जुन्या पेपरात एकच चाक राहिलं होतं. कापलेलं, पण घडीतलंच, कधी न उघडलेलं. यापुढं दुसरं होणार नव्हतं.

मी विहारातलं फुलं ठेवायचं टेबल उचलून घरी आणलं. त्यावर ते चाक बसवायचं, वरून काचेसारखा जाड थर ओतायचा आणि जयंतीच्या आत परत नेऊन ठेवायचं, असं सगळ्यांसमोर बोलून बसलो. तसलं टेबल सूनबाईनं मोबाइलवर पाहिलं होतं. माहेरी बुलढाण्याला गेली होती, तिकडून ती दोन बाटल्या घेऊन आली. दोन्ही एकत्र केल्या की घटकाभर पातळ राहतं, मग त्याचा दगड होतो.

"मामाजी, कोनी माहितगार पाहू का?" ती म्हणाली.

"म्या जन्मभर रंग लावला. अर्ध्या गावाचे दरवाजे माह्या हातचे हायेत."

"वारनिस वाकडं गेलं तं घासून काढता येते. हे गेलं तं गेलं."

तिचं बोलणं मला पटलं नाही, पण ते डोक्यातून जाईना. म्हणून आधी एका फळीवर करून पाहावं म्हटलं. त्यासाठी एक चाक हवं. म्हातारीला विचारायचं नाही, असं मनाशी धरून मी कागद घेतला. अर्धा केला, त्याचा अर्धा, पुन्हा अर्धा, आणखी एकदा. कापून उघडला तर सोळा आरे. एक घडी वाढवली तर बत्तीस. चोवीस काही येईनात. ती खाटेवरून पाहत होती.

"सोळा आने काम झालं," ती म्हणाली.

"काऊन हासून राह्यली? सांग नं कसं करते तं."

"मधात एक तिहेरी घडी लागते. तुमी सगळ्याचे दोनच भाग करता."

मी काही तिहेरी घडी घातली नाही. सोळा आऱ्यांचंच चाक फळीवर ठेवून वर थोडं ओतलं. डोळ्यांदेखत कागद तेलकट झाला आणि निळा रंग जवळजवळ गेलाच. खालच्या लाकडाच्या रेघा वर दिसायला लागल्या. माझंच दुसरं चाक आधी पांढऱ्या गोंदानं चिकटवून पाहिलं, तर गोंदाच्या पाण्यानं कागदाचा रंग सुटला आणि फळीवर कपड्याच्या निळीसारखा ओघळ आला. म्हणजे गोंद लावावा तर रंग जातो, न लावावा तर लाकूड दिसतं. जयंती तोंडावर आली होती.

मला माझाच धंदा आठवला. तेलाचा रंग अर्धा ओला असताना त्यावर चिलट बसलं तर ते मरून जातं पण निघत नाही. मी टेबलाला पांढरा तेलाचा रंग दिला आणि तो बोटाला चिकचिक लागेपर्यंत थांबलो. खाली पांढरं असलं की वरचा कागद तेलकट झाला तरी निळाच दिसणार, आणि गोंदाच्या पाण्याचं काम नाही. फक्त एकदा टेकवलं की हलवता येणार नव्हतं. मी गादीखालची घडी काढून आणली.

"द्या इकडं," म्हातारी म्हणाली.

"तुहा हात हालते."

"तुमचा हालत नाई, पन तुमाले ते उघडता येते काय?"

सूनबाईनं पंखा बंद केला. म्हातारीनं घडी उघडायला घेतली. हात असा थरथरत होता की कागद पानासारखा वाजत होता. मी तिचं मनगट धरायला गेलो तर तिनं कोपरानं मला बाजूला केलं. चाक उघडलं, खाली गेलं, टेकलं. आणि टेकताना एक आरा बाजूच्या आऱ्यावर वळून पडला.

मी नख घालायला गेलो.

"हात नका लावू. फाटन."

रंग वाळेपर्यंत मी येताजाता मोजत राहिलो. तेवीस. खिडकीकडून मोजले तरी तेवीस. विहारात लोक बोट ठेवून मोजणार, ही लोकांची सवय मला ठाऊक आहे. म्हणणार, म्हातारीला शेवटी साधं चाकही जमलं नाही. शेवटी मी निळ्या कागदाची एक बारीक पट्टी कापली, मोकळ्या जागी ठेवायला. तिनं पाहिलंच.

"लावाल तं पंचवीस होतील," ती म्हणाली.

पट्टी मी खिशात घातली, पण मन काही मानेना.

ओतायच्या दिवशी ऊन चढायच्या आत बसलो. मी अंदाजानं मिसळणार होतो, तर सूनबाईनं माझ्या हातातून बाटली काढूनच घेतली आणि ग्लासानं मापून दिलं. मी ढवळत होतो तोच डबा आपोआप कोमट झाला. चुलीवर नाही, उन्हात नाही, आणि हाताला गरम. घाबरून घाईघाईनं ओतलं. फुगे आले. सुईनं एकेक फोडत गेलो, चाकाकडे पाहायला सवड नव्हती. मग वर मच्छरदाणी ताणली आणि कोणाला जवळ जाऊ दिलं नाही. म्हातारीलाही नाही.

दुसऱ्या दिवशी कडेला बोट लावलं तर चिकट. मला जेवण गेलं नाही.

"मापात होतं, मामाजी," सूनबाई म्हणाली. "राहू द्या थोडं."

"राहूच देऊन राह्यलो नं," मी म्हणालो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा कडेला नख मारलं. नख घसरलं. दगड झाला होता. मी मच्छरदाणी काढली, तशी म्हातारी खाटेवरून उठून टेबलाशी आली.

"मोजा," ती म्हणाली.

"काय मोजू, तेवीस हायेत."

तिनं बोट त्या वळलेल्या जागी ठेवलं. हात हलत होता, त्यामुळं नख थरावर टकटक वाजत होतं. मी वाकलो. थर ओतल्यापासून कागद आरपार झाला होता. बाकीचे आरे फिके निळे, आणि तो एकच गडद, पार शाईसारखा. त्या गडद निळ्याच्या आत खालच्या आऱ्याची कड कात्रीनं कापली तशीच सरळ दिसत होती. एकावर एक दोन आरे.

ती बोट उचलेना. टकटक चालूच होती. मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलो, आणि त्या जागी आल्यावर दोन धरले.