आल्बर्ट सर आणि तिघांची टीम

आमच्या कट्टा गावच्या आल्बर्ट सरांचा राग आधी नाकाच्या शेंड्यावर दिसतो. शेंडा लाल झाला की दोन सेकंदांत शब्द येतात. पस्तीस वर्षं त्यांनी शाळेत सुतारकाम शिकवलं. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, तरी बाजारातल्या एखाद्या दुकानाची फळी वाकडी बसवलेली दिसली, तर आत शिरून मालकाला चार शब्द सुनावल्याशिवाय ते पुढे सरकत नाहीत. लोक त्यांना टरकून असतात. मीही असतो, आणि मी तर त्यांचा विद्यार्थीही नव्हतो.

अशा माणसाचा जीव जडला होता ग्लायडरवर. पातळ बाल्सा लाकडाची काडी न् काडी जोडून, वर कागद ताणून केलेलं विमान. पंख पसरले की माणसाच्या उंचीएवढे, आणि वजन दोन पेरूंइतकंही नाही. त्याला इंजिन नसतं. पोटाखालच्या आकड्यात दोराची कडी अडकवायची, वाऱ्याच्या तोंडावर चालत ते पतंगासारखं वर न्यायचं, आणि नेमकं डोक्यावर आलं की दोर ढिला करायचा. कडी निसटते आणि ग्लायडर एकटा तरंगत राहतो. कॉलेजात असताना एनसीसीच्या शिबिरात सरांना हे वेड लागलं, ते आजतागायत उतरलेलं नाही.

एक्क्याण्णव साली त्यांनी गावामागच्या सड्यावर, कातळाच्या उघड्या पठारावर, स्पर्धा सुरू केली. दर जानेवारीतला दुसरा रविवार. सकाळी वारा पडलेला असतो, कातळावरचं गवत वाळून पिवळं झालेलं असतं, आणि नजर पोचेल तिथवर मोकळं असतं. मी ओरोसला सरकारी ऑफिसात कारकून. वर्षभर फायली हलवायच्या आणि त्या एका दिवशी स्टॉपवॉच धरायचं, ही माझी नोकरी आणि ही माझी चैन. सुरुवातीला वेंगुर्ल्याहून, सावंतवाडीहून, गोव्याहून मिळून बावीस-तेवीस जण यायचे. गेल्या वर्षी चार जण आले, त्यात सर धरून.

सरांच्या मते पोरांना मोबाइलने खाल्लं. माझं मत वेगळं होतं, पण मी मूग गिळून बसायचो. खरी गोष्ट अशी की दर वर्षी दोन-तीन नवी माणसं यायची. कोणी ग्लायडर उपडा पाडायचा, कोणाचा नऊ सेकंदांत जमिनीवर. मग संध्याकाळी सगळ्यांसमोर निकाल वाचायचा, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, नावासकट आणि सेकंदांसकट. सरांचा तसा हट्टच होता. ते म्हणत, वेळ म्हणजे वेळ, त्यात लाज कसली. पहिलं नाव बहुधा त्यांचंच असे. शेवटचं नाव असणारा माणूस पुढच्या वर्षी कधीही आला नाही. आणि तो निकाल इतकी वर्षं मी वाचत आलो होतो, तेव्हा त्या पापाचा निम्मा धनी मी.

गेल्या वर्षी त्या चार जणांची स्पर्धा उरकून आम्ही सामान बांधत होतो, तेव्हा सर माझ्याकडे न बघता म्हणाले की आपण गेल्यावर इथे नुसती गुरं चरतील. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. या माणसाला आता जिंकायचं नव्हतं. आपल्यामागे हे चालू राहावं, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते कसं करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

तोडगा काढला त्यांच्या मुलीने. क्लॉडिया हायस्कूलमध्ये खेळ शिकवते, आणि बापाला न घाबरणारी अख्ख्या पंचक्रोशीत ती एकटीच. तिने जेवताना मांडणी केली: एकेकट्याची स्पर्धा बंद. तिघांची टीम करायची. एक जाणकार आणि दोघं असे, ज्यांनी आयुष्यात ग्लायडर उडवलेला नाही. ग्लायडर तिघांत एकच, जाणकाराचा. प्रत्येकाने एकदा उडवायचा आणि तिघांच्या वेळा मिळवायच्या. निकाल टीमचा, माणसाचा नाही.

आपला ग्लायडर दुसऱ्याच्या हातात, हे ऐकून सरांचं नाक जे लाल झालं ते जेवण संपेपर्यंत उतरलं नाही.

"क्लॉडिया, ह्यो खेळ आसा, पंगत नाय. येतलो तेका वाढूक," ते म्हणाले.

क्लॉडियाने शांतपणे सांगितलं की मग या वर्षी निमंत्रणं लिहायला दुसरं कोणीतरी बघ. पंधरा दिवस बाप-लेक कामापुरते बोलत होते. सोळाव्या दिवशी सर माझ्याकडे आले आणि नियम नीट टाइप करून दे म्हणाले. त्यात आपला एक जुना नियम त्यांनी ठेवायला लावलाच: दोर ताणला गेला की उडवणाऱ्याशी कोणी बोलायचं नाही.

या वर्षी जाणकार पाच जमले, म्हणून टीमही पाच. नवख्यांची नावं बरणीत घालून चिठ्ठ्या काढल्या. सरांच्या वाट्याला आला स्टँडवरचा चहावाला बाबली आणि बाजारात मासे विकणारी सीता. बाबली कशालाही हो म्हणणारा. सीता मात्र आली ती कुतूहलापोटी. रोज पाटी घेऊन सरांच्या दारात जायची आणि पडवीत टांगलेला तो पांढरा ग्लायडर बघायची. पंचेचाळिशीची बाई, आवाज असा की बंदरावर बोलली तर कट्ट्यात ऐकू यावं.

चार रविवार सरांनी दोघांना सड्यावर शिकवलं. वारा कसा बघायचा, पावलं कशी टाकायची, कडी कशी निसटते, सगळं सविस्तर. स्वतः उडवून दाखवलं, दहादा दाखवलं. बाबली माना डोलवायचा, सीता टक लावून बघायची. मी शेजारी उभा असायचो. पण एकदाही, चार रविवारांत एकदाही, त्यांनी दोर त्यांच्या हातात दिला नाही. दोन हिवाळे खपून केलेला ग्लायडर होता तो. मला हे दिसत होतं आणि मी बोललो नाही.

स्पर्धेच्या दिवशी सड्यावर पंधरा उडवणारे आणि त्यांची माणसं मिळून पन्नास-साठ जण जमले. कोणीतरी घावण्यांचा डबा आणला होता. सरांनी आपली पाळी पूर्ण दोन मिनिटांची केली. बाबलीने धावता धावता एक चप्पल मागे टाकली, तरी एक्केचाळीस सेकंद काढले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अशा टाळ्या त्या सड्यावर मी पहिल्यांदाच ऐकल्या.

मग सीता. तिने पदर खोचला, दोर मुठीत धरला आणि ग्लायडरकडे तोंड करून उलटी, मागे मागे चालायला लागली. आम्ही सगळे वाऱ्याकडे तोंड करून धावतो आणि मान वळवून बघतो. तिची नजर ग्लायडरवरून हलली नाही. ग्लायडर असा सुरेख चढला की वेंगुर्ल्याहून आलेले एक जाणकार पुटपुटले, ही कुठे शिकली? ग्लायडर डोक्यावर आला. आता हात ढिला करायचा. तिने केला नाही. दोर आणखी ताणला. ती मागेच जात राहिली, टाचा रोवून, मूठ घट्ट. सरांचं तोंड उघडलं आणि मिटलं, कारण नियम त्यांचाच होता. वाऱ्याची एक झुळूक आली आणि डावा पंख मुळाशी मोडला. आवाज अगदी बारीक झाला. कडी निसटलीच नव्हती, त्यामुळे माझं घड्याळ सुरूही झालं नव्हतं.

सीता धावत गेली, गुडघ्यांवर बसली, तुकड्यांना हात लावावा की नाही तेही तिला कळेना. सर जवळ गेले. नाक लाल नव्हतं, पांढरं पडलं होतं. तीच खाली बघून बोलली.

"सर, रापणीच्या जाळ्याचो दोर ढिलो केलो तर म्हावरा जाता. हाताक तीच सवय. तुमी सांगलास ता डोक्यात होता, हातात नाय होता."

सरांनी तुकडे उचलले आणि खोक्यात ठेवले. मान वर केली तोवर सीता पायवाटेने खाली उतरत होती, चहाही न घेता. दुसऱ्या दिवशी ती सरांच्या दारात आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. बाजारातही पाटी दिसली नाही.

तिसऱ्या सकाळी सहाला सर माझ्या दारात उभे. स्कूटर काढ म्हणाले. सीताच्या वाडीत पोचलो तेव्हा किनाऱ्यावर रापण लागली होती. होडीतून समुद्रात गोलाकार टाकलेलं लांबच लांब जाळं, त्याचे दोन दोर, आणि प्रत्येक दोराला पंधरा-वीस माणसं, बाया-बापे मिळून, टाचा रोवून मागे मागे चालणारी. सीता तिसरी होती. तिने सरांना पाहिलं आणि मान फिरवली.

सर पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडून वाळूत उतरले. एकाहत्तर वर्षांचा माणूस. कोणी विचारलं नाही तू कोण, तुला येतं का. सीताच्या मागच्या माणसाने सरकून जागा केली आणि ओला दोर त्यांच्या हातात दिला. सरांनी हिसका मारून ओढला. दोन पोरी हसल्या. सीताने वळून बघितलं.

"हिसको मारू नकात. आमच्यावांगडा, पावलाक पाऊल लावन मागे चला," ती म्हणाली.

तासभर ते ओढत होते. दोनदा पाय घसरला, एकदा बसले, परत उठले. तळहात सोलवटले. त्यांना येत होतं असं मुळीच नाही, पण दोर कोणी काढून घेतला नाही. जाळं वर आलं, फार मोठं नव्हतं. वाटे पडायला लागले. जो दोराला हात लावतो त्याला वाटा, ही तिथली रीत. मांडणाऱ्याने सरांच्या पुढ्यातही चार बांगडे ठेवले.

सर नको म्हणायला लागले, आपण काहीच केलं नाही म्हणाले. मांडणाऱ्याला ते बोलणंच कळलं नाही. दोर धरला होता ना, एवढंच त्याने विचारलं आणि तो पुढच्याकडे वळला.

सर ते चार मासे हातात घेऊन उभे राहिले. मग सीताकडे गेले. मला वाटलं माफी मागतील, पण त्या माणसाला ते कुठलं यायला.

"रविवारी सड्यार ये गो," ते म्हणाले. "पंख जोडूचो आसा. माका एकट्याक जमाचा नाय."

सीता त्यांच्या सोलवटलेल्या हातांकडे बघत राहिली, आणि येते म्हणाली. मी तीस वर्षं सरांना ओळखतो. एकट्याला जमणार नाही, असं त्यांनी याआधी कोणापुढे म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. मी समुद्राकडे तोंड करून डोळे पुसले.