ओव्याचं तेल आणि अण्णांचा पाय

आमचे अण्णा शिंपी. शहागंजात एका कापडवाल्याच्या ओट्यावर पायाचं मशीन घेऊन बसायचे. पाय चालला तर घर चालायचं. त्यांना शुगर होती, आणि एकदा उजव्या तळव्यात खिळा घुसला, ती जखम भरेचना. दवाखान्यात रोज पट्टी बदलायला बोलवायचे. अर्धा दिवस रांगेत जातो म्हणून ते कुरकुरायचे.

मी तेव्हा सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि डोक्यात हवा गेली होती. आमच्या प्रयोगशाळेत ओव्याच्या तेलावर काम चालायचं. त्यातलं थायमॉल जंतूच्या स्निग्ध आवरणात शिरतं, आवरण फाटतं, आतलं सगळं बाहेर गळतं. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, मधे तेलात भिजवलेली कागदाची टिकली ठेवायची. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती स्वच्छ गोल दिसायचा, तिथले जंतू साफ. हे मी घरी इतकं रंगवून सांगितलं, की अण्णा म्हणाले, "मंग तेच लाव की मला. घरात डॉक्टरीण असताना रांगेत कशाला मरू?"

नाही म्हणायला काय धाड भरली होती मला. उलट अत्तरवाल्याकडून अस्सल तेल आणलं आणि काही न मिसळता जखमेवर सोडलं.

"चुरचुरतंय का?" मी विचारलं.

"नाय बा. काहीच नाय."

मला वाटलं, मानवलं.

बशीत ना रक्त असतं, ना पू. जखमेत रक्ता-पुवात मिसळून तेलाचा जोर सरतो, आणि निव्वळ तेल मांसच भाजून काढतं. शुगरनं अण्णांच्या पायाची जाणीव गेली होती, म्हणून चुरचुरलं नाही. हे सगळं पुस्तकात होतं. मी वाचलंही होतं, परीक्षेपुरतं. दहा-बारा दिवस आम्ही दवाखान्याचं तोंड पाहिलं नाही. ओव्याच्या उग्र वासाखाली कुजका वास कळलाच नाही. बोटं काळी पडली तेव्हा धावलो.

"घोट्याच्या वरून काढावा लागेल," सर्जन म्हणाले. मग पट्टी नाकाशी नेऊन चिडले, "हे तेल लावायला कुणी सांगितलं?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णा बोलले, "मीच लावलं साहेब. अडाणी माणूस. ही पोरगी नकोच म्हणत होती."

सर्जननी माझ्याकडं सहानुभूतीनं पाहिलं. मी ती गुमान घेतली.