भाऊंचे मासे

आमच्या लॅबमध्ये रिसर्चपेक्षा किस्सेच जास्त साठतात. फ्रीजरमधले नमुने कधीतरी संपतात, किस्से मात्र वाढतच जातात!

आमचा विषय असा: पाण्यात वर्षानुवर्षं टिकणारी रसायनं माशांच्या हार्मोनच्या ग्रंथींचं काय करतात? स्वच्छ पाण्यातले मासे मी तुंगार्लीच्या तळ्यातून आणायचे. कारखान्यांच्या खालच्या ओढ्यातले धरून द्यायचे औंढ्याचे बबनभाऊ.

*

एकदा एसटीत शेजारच्या मावशींनी माझ्या आइसबॉक्सकडे बोट दाखवलं. "त्यात काय हाय गं?"

"मासे. त्यांचा थायरॉईड तपासायचाय."

"घ्या! माजा तपासाया डागदरला येळ न्हाई, आन् माशाचा तपासत्यात!"

*

माशाचा थायरॉईड आपल्यासारखा एका जागी नसतो, कल्ल्यांखाली दाण्यादाण्यांनी पसरलेला असतो. मला तो सापडता सापडेना. आमच्या गाईड शेलार मॅडम स्वतःची थायरॉईडची गोळी गिळत म्हणाल्या, "माझा निदान कुठे आहे ते तरी माहितीय!"

*

मासे देताना भाऊ पिशवीत वर कोथिंबिरीची जुडी ठेवायचे. कितीदा सांगितलं, आम्ही हे खात नाही हो!

"आसूं द्या की," म्हणायचे.

*

भाऊंची सून पोटुशी होती. "तिला मासं लय आवडत्यात. पर वढ्याच्या पान्याला वास मारतुया, म्हनून घरात बंद केलंय. चालंल का वो?" दर खेपेला हेच विचारायचे.

"निकाल येऊ दे, मग सांगते," मॅडम म्हणायच्या. त्या निकालाची मलाही धाकधूक होती.

निकाल आला आणि आम्ही चाटच पडलो. दोन्हीकडचे मासे ठणठणीत! ग्रंथी सारख्या, मांसातही रसायन नाही. त्या ओढ्यात हे मासे इतके धडधाकट कसे? मॅडमनी स्लाइड पुन्हा पुन्हा पाहिल्या आणि शेवटी फोन केला, "भाऊ, चालेल!"

*

भाऊंनी लगेच आम्हाला जेवायला बोलावलं. चिलापीचं कालवण, गरम भाकरी. पोटुशी म्हणून सूनबाईलाही आमच्याच पंगतीला बसवलं होतं. ती भाकरीचा तुकडा मोडत होती.

मॅडमनी ताटातला मासा निरखला. "भाऊ, हे मासे जरा बारके दिसतात. तुम्ही लॅबला देता ते कसे गुबगुबीत असतात!"

"ते व्हय?" भाऊ खूश झाले. "ते तुंगार्लीच्या तळ्यातलं! दर खेपंला गाडी काढून जायाचो. तुमच्यासारक्या पाव्हन्यांना त्या घान वढ्यातलं देतंय व्हय कुनी? वढ्यातलं आज लय दिसांनी धरलं. तुमी चालंल म्हनला न्हवं!"

मॅडमनी आधी सूनबाईचं ताट ओढून घेतलं.