तार पसंत आहे

आमच्या व्याह्यांइतका चौकस माणूस ब्रह्मदेवानं एकच घडवला असावा, आणि घडवत असताना 'ही माती कुठून आणलीत?' असं त्या मातीनंच त्याला विचारलं असावं. अशा माणसाला मी एकदा फसवलं. भिंतीवरच्या फोटोची तार 'हेअर ड्रायरमधली आहे' असं बेधडक सांगून त्यांच्या हातात ठेवली. मी तेव्हा नुकतीच आजी झाले होते, आणि नव्या आजीला जगातलं सगळं कळतं. तारेतलं मला काय कळत होतं? पाकाची तार! एकतारी आणि दोनतारी. चमकली, ताणली गेली, की झाली.

दोन हजार आठचा हिवाळा. मिशिगनमध्ये, ट्रॉयला माझी लेक बाळंत झाली. बाळंतपणाला मी गेले आणि नात बघायला व्याही आले. बायको पूर्वीच गेलेली, त्यामुळे एकटेच. पण चौकशा दोघांच्या वाटणीच्या करायचे. गाडीत बसण्याआधी बर्फात फिरून चारही चाकांना बुटानं टोचून बघणार, तोवर आमचे जावई स्टिअरिंगवर हात ठेवून ताटकळत बसलेले. दुधाच्या डब्यावरची तारीख वाचणार, मग वास घेणार, मग पहिला कप आग्रहानं मला देणार आणि माझ्या तोंडाकडे बघत बसणार! आणि हाच माणूस मिसरूड फुटल्यापासून सिगारेट ओढत होता. त्या धुरात काय आहे, याची चौकशी जन्मात केली नव्हती.

लेकीनं सासऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "बाबा, सिगारेट सुटल्याशिवाय बाळ हातात मिळणार नाही. नो डिस्कशन."

झालं. व्याही पाळण्यापासून चार हात लांब उभे राहून, हात पाठीमागे बांधून नातीकडे बघायचे. म्युझियममध्ये काचेच्या कपाटापुढे उभं राहावं तसे. मग गुपचूप घरामागच्या लाकडी ओट्यावर, म्हणजे तिथल्या डेकवर जाऊन बर्फात सिगारेट पेटवायचे. शेवटी जावयांनी कुठून तरी विजेची सिगारेट आणून दिली. तेव्हा ती नुकतीच निघाली होती. "धूर नाही विहीणबाई, वाफ आहे," व्याह्यांनी मला समजावलं. मी म्हटलं, वाफ माझ्या कुकरलाही येते, मी ती ओढत नाही! पण खरी सिगारेट खिशातून बाहेर येईना, एवढं मात्र झालं. आणि पंधरवड्यात त्या यंत्राच्या पोटातली केसासारखी तार जळली. नवा भाग चीनहून यायचा.

"कशाला मागवायचा? वेटोळं मी घरीच करतो," व्याही म्हणाले. सगळी नोकरी विजेच्या शेगड्यांच्या कारखान्यात गेलेली. आणि मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुरू झाला तारा बघण्याचा कार्यक्रम.

काय तो थाट! तांब्याची तार आली. "छे! ही विजेला अडवतच नाही. बॅटरी तापून माझ्या मिशीखाली फुटेल." नापास. फुलवाल्याकडची हिरवी तार आली. "रंग आहे वर. तो जळून छातीत जाणार." नापास. दुकानातून चांगली चकचकीत आणली. "जस्ताचा मुलामा! तापला की त्याचा धूर होतो. कारखान्यात धडधाकट माणसं थंडीतापानं पडलेली बघितलीयेत मी." फ्रिजवरचं स्ट्रॉबेरीच्या आकाराचं लोहचुंबक त्यांनी काढून घेतलं होतं. प्रत्येक तारेला ते लावायचं. चिकटली की लोखंडाची, चला घरी! नाही चिकटली तर पुढची चौकशी. हवी होती शेगडीत लालभडक तापते तसली नायक्रोमची, तीही ठाऊक असलेल्या घरातली. "तुमच्या ड्रायरमध्ये आहे," असं त्यांनी दोनदा सुचवलं. पण अमेरिकेत येऊन गरम वाऱ्यावर केस वाळवायची चटक मला लागली होती. चार केस, पण ऐट बघा! मी साफ नाही म्हटलं.

वरून माझ्या अंगाचा तिळपापड होत होता तो वेगळाच. अहो, माझी एम.एस्सी. झालेली मुलगी बघायला हे आले, तेव्हा पोहे खाल्ले, शेंगदाणे कुठले ते विचारलं, आणि मुलीला एक प्रश्न न विचारता 'पसंत आहे' म्हणून उठले! तेव्हा मला ते मोठे दिलदार वाटले होते. आता कळलं, वीतभर तारेची चौकशी महिनाभर करणाऱ्या या माणसाला माझी मुलगी शेंगदाण्यांइतकीही चौकशी करण्याजोगी वाटली नव्हती!

त्यांचं परतीचं तिकीट जवळ आलं. नात अजून हातात घेतलेली नव्हती. कोटाच्या खिशात सिगारेटचं पाकीट पुन्हा दिसायला लागलं. मला दयाही आली आणि रागही आला, आणि दोन्हींच्या भरात मी हॉलमधला लेकीच्या लग्नाचा मोठा फोटो उतरवला. मागची तार वेणीसारखी पिळलेली. एक पेड सोडवला, फोटो परत टांगला, आणि व्याह्यांना म्हटलं, "घ्या. मोडला माझा ड्रायर."

त्यांनी दाभणावर नाजूक वेटोळं वळलं, यंत्रात बसवलं आणि डेकचं दार उघडलं. टेबलावर स्ट्रॉबेरी तशीच पडलेली.

"अहो, लोहचुंबक नाही लावलंत?"

"तुमच्या तारेला?" ते कानाला हात लावत म्हणाले. "काहीतरीच काय, विहीणबाई!"

यंत्र ओठांपर्यंत गेलं आणि मी किंचाळले, "ओढू नका! फोटोची तार आहे ती!"

त्यांनी यंत्र खाली ठेवलं. वेटोळं काढलं, स्ट्रॉबेरी जवळ नेली. टुणकन उडी मारून चिकटलं. मी बोलणी खायला तयार होते, पण त्यांनी ते वेटोळं नीट उलगडून तार माझ्या हातात परत ठेवली. ते मला जास्त लागलं. मी मुकाट्यानं ड्रायर आणला, स्क्रू-ड्रायव्हरही आणला.

ड्रायरची तार सगळ्या परीक्षा पास झाली. पाकीट कचऱ्यात गेलं. जाण्याच्या आदल्या दिवशी लेकीनं नात त्यांच्या मांडीवर दिली. त्याआधी त्यांनी खुर्चीचे चारही पाय हलवून बघितले होते.

आता व्याही नाहीत. एक पेड कमी असलेल्या तारेवर तो फोटो अजून लेकीच्या घरी आहे, जरा तिरका. येता-जाता सगळे तो सरळ करतात, मी तिथे गेले की हळूच परत तिरका करते.

त्या दिवशी, नात मांडीवर असताना, मी टोचून विचारलंच होतं, "एवढे चौकस तुम्ही, माझ्या मुलीला मात्र बघायला आलात तेव्हा काही विचारलं नाहीत!"

नातीवरची नजर न काढता ते म्हणाले, "तुमच्याकडून मी दोनच गोष्टी न तपासता घेतल्या, विहीणबाई. त्यातली एक ती फोटोची तार. तिचं काही मनाला लावून घेऊ नका."