नळीतला श्वास

उमेओ शहराजवळच्या गावात गुनवोर टपाल वाटायची. तिचा नवरा स्तूरे दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला, तेव्हापासून गाडीत एक नळी बसवली होती. फुंकणाऱ्याच्या श्वासात दारू असली की गाडी सुरूच होत नसे. स्तूरे रोज सकाळी आईला, एल्सीला, घेऊन निघे. इंजिनाचा आवाज आला की गुनवोर निर्धास्त व्हायची. "दोन वर्षं थेंब नाही," असं ती घरोघर सांगे.

मार्चमध्ये गाडी रस्त्याकडेच्या चरात गेली. स्तूरेचा पाय मोडला, तोंडाला दारूचा वास येत होता.

"नळीत मीच फुंकायचे," इस्पितळात एल्सी म्हणाली. "नाहीतर तू त्याला सोडून गेली असतीस."

"आई, आणि वर तुम्ही मलाच विचारायचात, 'आता बरा आहे ना तो?'" गुनवोर म्हणाली.

गुनवोर त्याच आठवड्यात बहिणीकडे राहायला गेली. स्तूरेशी ती पुढे बोलली, एल्सीशी नाही.