दार उघडायचं बुरोंडीतून

“ही बाई कामावर येतच नाही.” जनरल मॅनेजरांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. “हजेरी लोट्यात, फोन बुरोंडीत. डोर्लेकरना काढून टाका.”

मी तेव्हा लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत अॅडमिन ऑफिसर होतो. आम्ही नुकतीच अॅक्सेस कार्डं बंद केली होती. कार्डाऐवजी फोनमध्ये अॅप. फोन रीडरजवळ नेला की दार उघडायचं आणि हजेरी लागायची. कुठलं दार कुणाच्या अॅपने उघडलं, तेव्हा फोन कुठे होता, याची नोंद आपोआप राहते. तिला लॉग म्हणतात. मॅनेजर तोच दाखवत होते.

मनीषा डोर्लेकर सॅम्पल रूममध्ये बाटल्यांना लेबलं लावायच्या. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन. घरातला एकुलता स्मार्टफोन नवऱ्याकडे आणि नवरा लांब समुद्रकाठच्या बुरोंडीला, मासेमारीच्या होडीवर. त्यांचं कार्ड चालू ठेवलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण ‘आता एकही कार्ड नाही’ असं मी वर कळवून बसलो होतो. म्हणून मीच तोड काढली. त्यांचं अॅप नवऱ्याच्या फोनवर टाकलं आणि रिमोट अनलॉक, म्हणजे लांबून दार उघडायची सोय, चालू करून दिली.

मग रोज सकाळी बाई दाराशी उभ्या राहून बुरोंडीला फोन लावायच्या.

“दाबा ओ बटण!”

“अगो, दाबलं! उघडलं काय?”

“नाय! आधी हातातली पापलेटं खाली ठेवा नि परत दाबा!”

मागची रांग हसायची. मीही हसलो आहे.

हे मॅनेजरांना तिथेच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, “चौकशी करतो.” बाई सस्पेंड झाल्या. जाताना माझ्या केबिनमध्ये आल्या. “साहेब, तुम्ही सांगा ना त्यांना.” मी म्हटलं, “बघतो.”

चौकशीच्या दिवशी मॅनेजरांनी विचारलं, “तुम्ही कामावर होता, याला पुरावा काय?”

“बाटल्या बघा की! बुरोंडीत बसून लेबलं कोण चिकटवतं, माझा नवरा?” बाई कडाडल्या. मग माझ्याकडे वळल्या. “आणि ती सोय कुणी करून दिली, ते समोर बसलेत. त्यांनाच विचारा.”

“मी करून दिली,” मी म्हणालो.

“मग इतके दिवस का बोलला नाहीत?” मॅनेजरांनी मला विचारलं.



बाई पगारासकट कामावर परतल्या. त्यांना कार्ड मिळालं, मागोमाग स्मार्टफोन नसलेल्या आणखी काही जणांनाही. कंपनीने नोटीस लावली: ‘तांत्रिक बिघाडामुळे गैरसमज.’ मला ती सोयीची होती. कंपनीच्या बसमध्ये मात्र बाईंना ऐकावं लागायचं, “काय गो, आज स्वतः आलीस की फोन पाठवलास?” वर्षभराने त्यांनी नोकरी सोडली. मला निवृत्तीला शाल-श्रीफळ मिळालं.

म्हणून हे लिहितो आहे. बिघाड कसलाच नव्हता. अॅप चोख चालत होतं, लॉगही खरा होता. सोय मी केली आणि गप्पही मीच बसलो. मशीन आपल्यापुरतं खरं सांगतं. पुढचं माणसाने सांगायचं असतं, आणि चौकशी बसायच्या आधी.